कावीळ उतरली, पण कोणी उतरवली?

गेल्या पावसाळ्यात ओपीडीत एक गृहस्थ आले. वय पन्नासच्या आसपास, व्यवसाय रिक्षा चालवण्याचा. डोळे हळदीसारखे पिवळे, दंडावर आणि पोटावर खाजवून खाजवून उठलेले ओरखडे, आणि गळ्यात बारीक काटक्यांची माळ, बेंबीच्याही खाली उतरलेली. कावीळ पाच आठवड्यांपासून होती. "दुखतं का कुठे?" असं विचारलं तर म्हणाले, "नाही साहेब, दुखत काहीच नाही. खाज आहे आणि जेवण जात नाही." शौचाचा रंग विचारल्यावर त्यांची पत्नी म्हणाली, "पांढरट, मातीसारखी होते."

हे उत्तर ऐकलं की कुठल्याही डॉक्टरच्या पोटात गोळा येतो. न दुखणारी, दिवसेंदिवस वाढत जाणारी कावीळ, खाज आणि पांढरी शौच, म्हणजे पित्त आतड्यात उतरण्याची वाट कुठेतरी बंद झालेली असते. ती खड्याने बंद होऊ शकते किंवा गाठीने. यांच्या बाबतीत सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली. स्वादुपिंडाच्या डोक्याशी होती आणि यकृतापर्यंत पोचलेली होती.

त्यांच्यासोबत शेजारच्या काकू आल्या होत्या. माळेचा पत्ता त्यांनीच दिला होता. रिपोर्ट ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पण डॉक्टर, मला तर याच माळेनं गुण आला होता. दोन वर्षांपूर्वी. तीन आठवड्यांत डोळे स्वच्छ."

आजचा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. काकूंविरुद्ध नाही. काकू खोटं बोलत नव्हत्या आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. पण "मला गुण आला" हे वाक्य आपल्याकडे पुराव्यासारखं वापरलं जातं, आणि ते पुरावा नाही. औषधं, चाचण्या, पथ्य यांच्यावर मी इथे नेहमी लिहितो. आज जरा विचार कसा करायचा यावर लिहितो, कारण त्या गृहस्थांचे पाच आठवडे औषधाअभावी गेले नाहीत, एका चुकीच्या अनुमानामुळे गेले.

काकूंचं म्हणणं नीट मांडून पाहू. मला कावीळ झाली. मी माळ घातली. कावीळ गेली. म्हणून माळेने कावीळ घालवली. पहिली तिन्ही विधानं शंभर टक्के खरी आहेत. चौथं त्यांच्यातून निघतच नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण रोजच्या बोलण्यात सहज म्हणतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा ताडावर बसतो आणि त्याच क्षणी फळ पडतं, म्हणून फळ कावळ्याने पाडलं असं होत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत हे आपल्याला लगेच कळतं. फांदीच्या जागी आपली स्वतःची कावीळ आली की मात्र कळेनासं होतं.

काकूंचा जुना रिपोर्ट मी नंतर मागवून पाहिला. त्यांना हेपॅटायटिस ए झाला होता. दूषित पाण्यातून, अन्नातून होणारी ही कावीळ बहुसंख्य लोकांत आपोआप बरी होते. पहिला आठवडा-दोन आठवडे पिवळेपणा वाढतो, मग उतरायला लागतो आणि काही आठवड्यांत जातो. विश्रांती, पुरेसं पाणी, झेपेल तसं साधं जेवण, दारू बंद आणि यकृताला त्रास देणारी औषधं टाळणं, एवढंच करायचं असतं. विषाणूला मारणारं खास औषध आमच्याकडेही नाही. आणि माणूस माळवाल्याकडे जातो कधी? डोळे अगदी पिवळेजर्द झाल्यावर, घरचे घाबरल्यावर. म्हणजे नेमकं उतार सुरू होण्याच्या वेळी. त्या दिवशी तुम्ही माळ घाला, ऊसाचा रस प्या किंवा नुसते गच्चीवर चांदण्या मोजत बसा, पुढच्या आठवड्यात डोळे स्वच्छ व्हायला लागणार.

विंचू उतरवणाऱ्यांचं यशही असंच. धडधाकट मोठ्या माणसाला बहुतेक विंचवांच्या दंशाने असह्य वेदना होतात आणि त्या काही तासांत, फार तर दिवसभरात कमी होतात. मांत्रिक तेवढा वेळ शेजारी बसून असतो. साप चावल्यावरही हेच. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावूनही प्रत्येक वेळी विष आत सोडतोच असं नाही. पण लाल विंचू जेव्हा लहान मुलाला चावतो तेव्हा मंत्र उपयोगी पडत नाही. हृदयावर आणि फुप्फुसांवर परिणाम होऊन मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी हे रुग्ण एकेक करून तपासले, नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे औषध वापरून काय फरक पडतो ते मोजलं आणि 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात मांडलं. "माझ्या हाताला यश आहे" असं म्हणून ते थांबले नाहीत. औषध आणि माळ यांच्यातला फरक मोजण्याचा आहे. कोणती गोष्ट जुनी, कोणती नवी, कोणती देशी, कोणती विलायती याच्याशी त्याचा संबंध नाही.

काकूंच्या वाक्यात दुसरीही एक उडी आहे आणि ती पहिलीपेक्षा घातक आहे. "मला कावीळ होती, त्यांनाही कावीळ आहे." कावीळ हा रोगच नाही. रक्तात बिलिरुबिन वाढल्याची ती खूण आहे, जसा ताप ही खूण आहे. हेपॅटायटिस ए, बी, सी, ई, पित्ताचे खडे, दारूने खराब झालेलं यकृत, टीबीच्या गोळ्यांचा यकृतावर होणारा परिणाम, लेप्टोस्पायरोसिस, लाल पेशी लवकर फुटण्याचे आजार, कॅन्सर, या सगळ्यांत डोळे पिवळेच होतात. न्यायशास्त्रात वाक्छल नावाचा दोष सांगितला आहे. त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'नवकंबल'. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं नवीन घोंगडी, ऐकणारा मुद्दाम अर्थ घेतो नऊ घोंगड्या, आणि भांडायला उठतो. इथे मुद्दाम कोणी काही केलं नव्हतं. 'कावीळ' या एका शब्दानेच सगळ्यांना फसवलं. काकूंची नवीन घोंगडी होती, त्या गृहस्थांच्या नऊ.

न्यायशास्त्राचं नाव काढलंच आहे तर थोडं अजून सांगतो, कारण "हे तुमचं पाश्चात्त्य लॉजिक आम्हाला सांगू नका" असं मला दर लेखाखाली कोणीतरी ऐकवतं. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे, हे आपल्याकडच्या अनुमानाचं सर्वांत जुनं, सर्वांत घासलेलं उदाहरण. जिथे धूर तिथे आग, असा पक्का संबंध आपल्याला ठाऊक असतो, त्याला व्याप्ती म्हणतात. पण उलट बाजूने गेलात की फसता. "आग आहे म्हणून धूर असणारच" हे चूक. लोखंडाचा गोळा लालभडक तापला तरी धूर येत नाही. मग चुलीत आगीबरोबर धूर का दिसतो? कारण सरपण ओलं असतं. हा जो लपलेला, आपण हिशेबात न घेतलेला तिसरा घटक, त्याला नैयायिक उपाधी म्हणतात. आधुनिक वैद्यकात आम्ही दर अभ्यासात ज्याला घाबरतो तो हाच.

काकूंच्या गोष्टीत ओलं सरपण कोणतं? आपोआप बरा होणारा आजार आणि गेलेले तीन आठवडे. माळ नुसती तिथे हजर होती.

उपाधी ओळखायची कशी, तेही जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय. अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तेव्हा परिणाम दिसतो का, एवढं पाहून भागत नाही. कारण नसेल तेव्हा परिणाम नाहीसा होतो का, हेही पाहावं लागतं. आपण कायम अर्धंच बघतो. माळ घातलेले किती बरे झाले हे विचारतो, माळ न घालता किती बरे झाले हे कोणी विचारत नाही. आमच्या औषधांच्या चाचणीत एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधाचं काहीतरी देतात, ते याच दुसऱ्या प्रश्नासाठी.

व्यतिरेकाचा हा प्रयोग मी माळेवरही केला. माळ देणारे सांगतात, जसजशी कावीळ उतरते तसतशी माळ लांबते. डोक्यावर ठेवलेली माळ गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटापर्यंत. लोकांना सर्वांत जास्त पटतं ते हेच, कारण डोळ्यांना दिसतं. मी एका परिचिताकरवी तशीच एक ताजी माळ मागवली आणि ओपीडीत कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. चार-पाच दिवसांत ती चांगली वीतभर वाढली, नंतरही वाढत राहिली. खिळ्याला कावीळ नव्हती. काटक्यांचे तुकडे ओले असताना दोऱ्याच्या फासात घट्ट आवळलेले असतात. वाळले की ते बारीक होतात, फास सैल पडतो, अडकलेला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. हात धुतल्यावर पिवळं पाणी पडतं, तो प्रकारही असाच. आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याचं पाणी एकत्र आलं की पिवळा रंग येतो, कावीळ असो वा नसो. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी हे गावोगाव करून दाखवलंय.

मग प्रश्न येतो, "पण डॉक्टर, तिथे शेकडो लोक जातात. सगळे खोटे का?" माळवाल्याच्या घराच्या भिंतीवर बरे झालेल्यांचे फोटो असतात म्हणे. मेलॉसच्या डायगोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाची एक गोष्ट सिसेरोने लिहून ठेवली आहे. देवळात एक मित्र त्याला चित्रं दाखवतो. नवस बोलून वादळातून वाचलेल्या खलाशांनी ती वाहिलेली असतात. मित्र म्हणतो, बघ, देव माणसांची काळजी घेतो की नाही? डायगोरस म्हणतो, जे बुडाले त्यांची चित्रं कुठेच काढलेली नाहीत. आमचे हे रिक्षावाले गृहस्थ कुणाच्याही भिंतीवर असणार नाहीत. माळवाल्याला तर त्यांचं पुढे काय झालं हे ठाऊकही नाही, कारण बिघडलेला पेशंट त्याच्याकडे परत जात नाही. तो आमच्याकडे येतो. म्हणजे माळवाल्याला फक्त यश दिसतं. तो लबाड असायचीही गरज नाही, प्रामाणिकपणे फसलेला असू शकतो.

हे आयुर्वेदाविरुद्ध आहे असा सोयीचा अर्थ कृपया काढू नका. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात भोंदू वैद्याबद्दल इशारा आहे. ज्याचं आयुष्य शिल्लकच होतं असा एखादा रोगी योगायोगाने त्याच्या हातून तरतो, आणि मग त्या बळावर तो ज्यांचं काही ठरलेलं नव्हतं अशा शेकडोंचा जीव घेतो. मी जे सांगायला एवढे परिच्छेद घेतोय ते तिथे दोन ओळींत आहे. विमानस्थानात तर वैद्यांनी वाद कसा करावा, प्रतिज्ञा कशी मांडावी, हेतू कसा द्यावा, याचंच सविस्तर विवेचन आहे.

आणि आमची जमात यात मागे नाही. युरोपातल्या डॉक्टरांनी शतकानुशतकं जवळजवळ प्रत्येक आजारात रक्त काढलं, आणि "रक्त काढलं, बरा झाला" असं प्रामाणिकपणे नोंदवलं. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरमध्ये घशाच्या आजाराने गेले, तेव्हा शेवटच्या दिवशी त्यांचं बरंच रक्त काढण्यात आलं होतं. पॅरिसच्या पिएर लुई यांनी १८३५ मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांची सरळ मोजदाद मांडली तेव्हा त्या उपचाराचा दबदबा ओसरायला लागला. फार जुनं वाटतंय? हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडतात आणि असे रुग्ण जास्त दगावतात, म्हणून ते ठोके थांबवणारी औषधं सर्रास दिली जात. तर्क किती सरळ! ईसीजीवर ठोके थांबलेलेही दिसत. १९८९ मध्ये मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. त्यातल्या फ्लेकेनाइड आणि एनकेनाइड या औषधांनी मृत्यू कमी न होता वाढले होते. आणि हो, साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहून "तुमच्या गोळीनं तीन दिवसांत मोकळं वाटलं" हे कौतुक खाली मान घालून स्वीकारणारे आम्हीच. ती सर्दी तशीही जाणारच होती. तिथे माळ आमच्या हातात असते.

आता या सगळ्यातला अवघड भाग. काकू म्हणाल्या, "मी चांगल्या मनानं सांगितलं होतं." मी त्यांना तिथे काही बोललो नाही. बोलण्याची ती वेळ नव्हती. पण प्रश्न राहतोच. मनापासून खरं वाटलं आणि चांगल्या हेतूने सांगितलं, एवढ्याने आपली जबाबदारी संपते का?

१८७७ मध्ये विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी आहे, हे त्याला आतून माहीत असतं. पण खर्च मोठा. मग तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं पार पडली, याही वेळी सुखरूप जाईल. हळूहळू त्याला ते मनापासून खरं वाटायला लागतं. परदेशी वस्तीला निघालेली कुटुंबं घेऊन जहाज सुटतं आणि बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे मान्य, पण तो विश्वास बाळगण्याचा त्याला हक्क नव्हता, कारण त्याने तपासून पाहिलं नाही. पुढचं अधिक बोचणारं आहे. समजा जहाज सुखरूप पोचलं असतं, तर तो निर्दोष ठरला असता का? नाही. दोष तपासणी टाळली त्या क्षणीच घडला. पोचणं न पोचणं हे नशीब.

हे मला पटतं, आणि म्हणूनच "ऐकून बरा झाला ना शेवटी!" हे समर्थन पटत नाही. दहा जणांना माळेचा पत्ता दिला, नऊ आपोआप बरे झाले, म्हणून नऊ वेळा पुण्य आणि एकदा पाप असा हिशेब होत नाही. दहाही वेळा आपण न तपासलेलं जहाज पाण्यात लोटलं.

क्लिफर्डला उत्तर देणारेही होऊन गेले. विल्यम जेम्सने १८९६ मध्ये म्हटलं की काही प्रश्न असे असतात जिथे पुरावा निर्णय देऊच शकत नाही आणि थांबणंही शक्य नसतं, तिथे माणसाला विश्वासाने पाऊल टाकण्याचा अधिकार आहे. मला हेही मान्य आहे. देव आहे का, या माणसाशी लग्न करावं का, तिथे जेम्स खुशाल घ्या. पण कावीळ हा असा प्रश्न नाही. रक्ताची तपासणी आणि एक सोनोग्राफी केली की बहुतेक वेळा कळतं. सरकारी रुग्णालयात जवळजवळ फुकटात होतं. निर्णय देणारा पुरावा हाताशी असताना श्रद्धेचा हक्क सांगणं म्हणजे जहाजमालकाचीच पळवाट.

राहिलं "करून बघायला काय बिघडतं?" माळेने अंगाला काही होत नाही, हे खरं. नाकात झाडपाल्याचा रस ओतणं, डाग देणं, कडक उपास, यांनी नक्की बिघडतं. पण माळेनेही वेळ जातो. लेप्टोचे रुग्ण पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दरवर्षी येतात. त्यांना वेळेत साधी अँटिबायोटिक मिळाली तर बरे होतात, उशीर झाला तर किडन्या बंद पडतात. हेपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवतीला झाला तर काही साथींत शंभरातल्या वीसपर्यंत दगावल्याची नोंद आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवलाय. 'रोखणं' हा शब्द तिथे महत्त्वाचा आहे. सल्ला देणारा शेजारी कायद्यात बसत नाही. पण "आधी तिकडे जाऊन या, मग डॉक्टर बघू" या वाक्याने रोखण्याचंच काम होतं.

कुणाचे डोळे पिवळे दिसले तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवा. आणि असंबद्ध बोलणं, अतिझोप, उलटीतून किंवा शौचातून रक्त, ताप आणि थंडी, लघवी कमी होणं, पोट फुगणं, पोटरीत तीव्र वेदना, पांढरी शौच आणि खाज, किंवा गरोदरपण, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी. माळ घालायची असेल तर घाला, पण तिकडे जायच्या आधी तपासण्यांसाठी रक्त देऊन जा.

एक गोष्ट मात्र मी लिहिणार नाही. ते गृहस्थ पाच आठवडे आधी आले असते तर वाचलेच असते, असं मी म्हणालो तर मीही तेच करेन जे काकूंनी केलं. या गाठी लबाड असतात. पुष्कळदा पहिल्या दिवशीच उशीर झालेला असतो. त्यांना एक संधी असू शकली असती, ती तपासलीही गेली नाही, एवढंच म्हणता येतं. दिवाळीनंतर ते गेले.

काकू महिन्यापूर्वी बीपी तपासायला आल्या. खिळ्यावरची माळ त्यांनी ओळखली. ती आता टेबलापर्यंत आली आहे. वाळलेल्या काटक्या बोटांनी चाचपत त्यांनी विचारलं, "पण डॉक्टर, तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे तरी खरं ना?"

"ते अगदी खरं, काकू," मी म्हणालो, आणि बीपीचा पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला.